तुंब्यातली पोकळी

'ब्रह्मांड' हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यात एक अंडे दडलेले आहे हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. शब्द वापरून गुळगुळीत झाला की त्यातले चित्र पुसले जाते. चिनी भाषेत विश्वाला 'यू-चोउ' म्हणतात. त्यातले चित्रही असेच पुसट झालेले आहे. पण थोडे घासून पाहिले तर मोठी गंमत दिसते. जुन्या टीकाकारांनी दिलेल्या अर्थाप्रमाणे 'यू' म्हणजे घराची वळचण आणि 'चोउ' म्हणजे छपराचे आढे. म्हणजे ज्या शब्दाने चिनी माणूस अवघे विश्व सांगतो, तो सुताराच्या बोलीतून उचललेला आहे.

ल्यू आन या संस्थानिकाने पंडित जमवून 'ह्वायनान-त्स' नावाचा ग्रंथ सिद्ध करवला आणि इ.स.पू. १३९ मध्ये सम्राट वू याला नजर केला. चार दिशा आणि वर-खाली मिळून जे होते ते 'यू', आणि भूतकाळापासून आजवर जे चालत आले ते 'चोउ', अशी फोड त्यात सापडते. एक शब्द अवकाशाचा, दुसरा काळाचा. आणि दोन्ही मिळून एक घर. त्याच्याही आधी, इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकांत, मो-त्सच्या पंथातील मंडळींनी यापेक्षा कोरडी आणि नेमकी व्याख्या केली होती: निरनिराळ्या जागांना व्यापणारे ते अवकाश, निरनिराळ्या वेळांना व्यापणारा तो काळ. वर्तुळ म्हणजे काय, मध्य म्हणजे काय, बारीक छिद्रातून येणारी प्रतिमा उलटी का पडते, याचाही विचार याच मंडळींनी केला. या पंथात कारागीर बरेच असावेत असे अभ्यासक मानतात, आणि आम्हाला ते पटते. छिद्रातून येणाऱ्या उजेडाकडे इतक्या बारकाईने पाहण्याची सवय पोथीपेक्षा कामाच्या जागेवर लागण्याचा संभव अधिक.

या लेखात आम्हाला याच एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. प्राचीन चीनच्या ग्रंथांत अवकाशाविषयी जे काही उत्तम लिहिले गेले, त्यातले बरेचसे कारागिराच्या हातातून पंडिताच्या लेखणीत आलेले आहे. हा संबंध जोवर टिकला तोवर ग्रंथ बोलत राहिले. तो तुटला तेव्हा एक मोठा ग्रंथ जवळजवळ मुका झाला. त्याची कथा शेवटी येईल. आधी थोडे मैदानावर जाऊ.

प्राचीन चीनच्या राज्यव्यवस्थेवरील 'चोउ ली' या ग्रंथाचे सहा भाग होते. हान राजवटीत तो पुन्हा जुळवताना सहावा भाग सापडेना, म्हणून त्याच्या जागी 'खाओ कुंग ची' नावाचे वेगळेच लिखाण बसवण्यात आले. या नावाचा अर्थ साधारणपणे 'कारागिरीची पाहणी' असा. मूळ लिखाण इ.स.पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकांच्या दरम्यानचे असावे. त्यात तीस धंद्यांची नावे आहेत: लाकूडकाम, धातुकाम, चामडे, रंगकाम, घासकाम आणि मातीकाम. एक भाग हरवला नसता तर कारागिरांची ही वही पवित्र ग्रंथांच्या रांगेत कधीच बसली नसती!

नगर वसवणाऱ्या कारागिराने आधी काय करावे, हे या वहीत सांगितले आहे. पाण्याने जमीन समतल आहे का ते पाहावे. मग एक खांब रोवावा, तो ओळंब्याने सरळ करावा. खांबाभोवती वर्तुळ आखून सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या वेळची सावली पाहावी. दुपारी सूर्य आणि रात्री ध्रुव पाहून दिशा पडताळून घ्यावी. आपल्याकडे कात्यायनाच्या शुल्बसूत्रात शंकू आणि वर्तुळ यांनी पूर्व-पश्चिम काढण्याची रीत आहे ती अगदी याच जातीची. कोणी कोणाकडून घेतली असे म्हणायला आधार नाही. सूर्य दोघांनाही एकच होता.

हा प्रयोग शाळेच्या मैदानावर एका दिवसात होतो. मीटरभर उंचीची काठी उभी करावी आणि काठीच्या बुंध्याभोवती दोरीने वर्तुळ आखावे. सकाळी सावली आखडत येताना तिचे टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खूण करावी, दुपारनंतर सावली लांबत जाऊन जिथे पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आकाश निरभ्र असते आणि सूर्याची क्रांती दिवसभरात फारशी बदलत नाही, म्हणून हे दिवस उत्तम. आम्ही पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा काठी नुसत्या नजरेने सरळ केली होती. रेषा चांगलीच तिरकी आली. ओळंबा आणि पाणी यांचा उल्लेख वहीत पहिल्याच वाक्यात का आहे, हे त्या दिवशी कळले.

खांब आठ चिनी फुटांचा असे. चिनी फूट म्हणजे 'छी'. त्याचे दहा भाग म्हणजे 'त्सुन'. ज्या ठिकाणी उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी या खांबाची सावली दीड छी पडते ते पृथ्वीचे मध्यस्थान, असे 'चोउ ली' सांगते. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर द्यावे. दीड भागिले आठ म्हणजे ०.१८७५, या स्पर्शकाचा कोन सुमारे साडेदहा अंश, त्यात कर्कवृत्ताचे साडेतेवीस मिळवले की चौतीस अंश उत्तर अक्षांश येतो. हनान प्रांतातील तंगफंग या गावाजवळ हे मध्यस्थान मानले जाई आणि तंगफंगचा अक्षांश साडेचौतीसच्या जवळ आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका वाक्यातून नकाशावरचे ठिकाण सापडते, तेही फुटपट्टीइतक्या साध्या साधनाने.

पण याच सावलीबरोबर एक चुकीची समजूतही चालत आली. पृथ्वी सपाट, चौकोनी. आकाश तिच्यावर छत्रीसारखे गोल. अशा पृथ्वीवर उत्तर-दक्षिण हजार 'ली' चालले (त्या काळचा ली सुमारे चारशे मीटरचा) की सावलीत एका त्सुनाचा फरक पडतो, असा नियम ग्रंथांनी एकमेकांकडून उतरवून घेतला होता. आठशे-नऊशे वर्षे त्यावर आकाशाच्या उंचीची गणिते झाली. अखेर इ.स. ७२४ च्या सुमारास यी-शिंग नावाच्या बौद्ध भिक्षूच्या योजनेनुसार उत्तरेकडील गवताळ मुलखापासून आजच्या उत्तर व्हिएतनामपर्यंत ठिकठिकाणी खांब उभे करून सावल्या मोजण्यात आल्या. हनानच्या मैदानात तर दोरीने अंतरही मोजले. एका त्सुनाचा फरक पडायला हजार ली लागतच नव्हते. अडीचशेच्या आसपास पुरेसे होते. शिवाय हा फरक सगळीकडे सारखाही नव्हता. व्हिएतनाममधल्या ठाण्यावर तर भर उन्हाळ्यात दुपारची सावली दक्षिणेकडे पडली. त्या ठाण्याचा अक्षांश नागपूरच्या अक्षांशाच्या जवळपास येतो. म्हणून नागपूरच्या शिक्षकांना हे आश्चर्य जूनमध्ये आपल्या अंगणातच पाहता येईल.

यी-शिंगने यावरून पृथ्वी गोल आहे असा निष्कर्ष काढला नाही. सपाट पृथ्वीचा नियम मोडला, पण नवे चित्र काढले गेले नाही. तरी त्याने ध्रुवाच्या उंचीत एक अंश फरक पडायला किती ली जावे लागते ते काढले, आणि सावलीऐवजी ध्रुवाच्या उंचीवर भर दिला, हे मोठे काम होते. ग्रंथात आहे म्हणून खरे, या म्हणण्याला त्याने काठी आणि दोरी घेऊन उत्तर दिले.

आता तुंब्याकडे वळू. बैलगाडीच्या चाकाच्या मधला जो ठोकळा, ज्यात आरे बसवतात आणि ज्याच्या भोकातून आस जातो, तो तुंबा. लाओत्सेच्या ग्रंथाच्या अकराव्या प्रकरणात तीस आऱ्यांच्या चाकाचे उदाहरण आहे. गाडी चालते ती तुंब्यातल्या रिकाम्या जागेमुळे. मडके उपयोगी पडते ते आतल्या पोकळीमुळे. खोलीत राहता येते ते दारे-खिडक्या कापून मोकळ्या ठेवलेल्या जागेमुळे, असा त्याचा आशय. जगभरचे वास्तुरचनाकार हे प्रकरण कौतुकाने सांगतात. ते बहुतेक वेळा एखाद्या गूढ साक्षात्कारासारखे सांगितले जाते. आम्हाला त्यात गूढ काही दिसत नाही. हा विचार ज्याला सुचला त्याने चाक बनताना जवळून पाहिले होते, एवढे निश्चित.

कारण 'खाओ कुंग ची'मध्येही चाक आहे, आणि तेही तीस आऱ्यांचे. रथाचा चौकोनी सांगाडा म्हणजे पृथ्वी, वरची गोल छत्री म्हणजे आकाश, छत्रीच्या अठ्ठावीस काड्या म्हणजे नक्षत्रे आणि तीस आरे म्हणजे सूर्य-चंद्राचे फिरणे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे रथात बसणारा माणूस छोट्याशा विश्वातच बसतो. पण वही तिथे थांबत नाही. चाक बरोबर झाले की नाही ते कसे तपासावे हेही ती सांगते. वर्तुळाच्या मापाने गोलाई पाहावी, दुसऱ्या मापाने चाक एका पातळीत आहे का ते पाहावे, ओळंबा लावून आरे सरळ आहेत का ते पाहावे. दोन्ही चाके पाण्यात सोडून सारखी बुडतात का ते पाहावे; लाकडाची घनता एका बाजूला कमी-जास्त असेल तर चाक तिकडे कलते. दोन्ही चाके तराजूत तोलून पाहावी. आणि दोन्ही तुंब्यांच्या पोकळीत वरीसारखे धान्य भरून ते सारखेच मावते का ते पाहावे.

ही धान्याची कसोटी वाचून आम्ही थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवले. लाओत्सेने ज्या पोकळीवर तत्त्वज्ञान उभे केले, तीच पोकळी चाक बनवणारा मूठभर धान्याने मोजत होता. वेड्यावाकड्या आकाराच्या पोकळीचे आकारमान काढण्याची याहून चांगली रीत आजही प्रयोगशाळेत सांगता येणार नाही. १९८० मध्ये पहिल्या छिन सम्राटाच्या समाधीजवळ कांशाचे दोन रथ सापडले. त्यांच्या प्रत्येक चाकाला तीस आरे आहेत. ग्रंथातला आकडा नुसता शोभेचा नव्हता.

याच वहीत आदर्श राजधानीचा आराखडाही आहे. नगर चौकोनी, प्रत्येक बाजू नऊ ली, प्रत्येक बाजूला तीन दरवाजे. उभे-आडवे नऊ-नऊ रस्ते आणि रस्त्याची रुंदी नऊ रथांच्या चाकोरीएवढी, म्हणजे सोळा-सतरा मीटर. पूर्वजांचे मंदिर डावीकडे, भूमीची वेदी उजवीकडे, दरबार पुढे आणि बाजार मागे. राजा दक्षिणेकडे तोंड करून बसतो, म्हणून डावी बाजू पूर्व आणि उजवी पश्चिम. इथेही माप रथावरून घेतले आहे. नगर जणू चाकोरीच्या पट्टीने आखलेले.

हा आराखडा वाचून चीनची सगळी शहरे अशीच बांधली गेली, असे पाठ्यपुस्तकी चित्र डोळ्यापुढे येते. ते खरे नाही. इ.स. ५८२ मध्ये यू-वन खाय याने आखलेली चांगान नगरी चौऱ्याऐंशी चौरस किलोमीटर पसरलेली होती आणि तिचा मुख्य रस्ता दीडशे मीटर रुंद होता. पण तिथे राजवाडा मधोमध नसून उत्तरेच्या तटाला लागून होता, आणि बाजार मागे नसून पूर्वेला एक व पश्चिमेला एक असे होते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन करणारा जो ह्युएन त्संग भेटतो, तो ६४५ मध्ये याच चांगानला परतला. त्याच्यासाठी ६५२ मध्ये बांधलेला स्तूपाकार मनोरा आजच्या शीआन शहरात उभा आहे. वहीच्या सर्वांत जवळ गेली ती मंगोल सम्राट कुब्लाईखानाची राजधानी, म्हणजे आजच्या बीजिंगची पूर्वज. तिचे काम १२६७ मध्ये सुरू झाले. परक्या राजालाच जुन्या ग्रंथाचा आधार अधिक हवासा वाटला, यात नवल नाही. तरीही तिला बारा नव्हे, अकराच दरवाजे ठेवले होते. बीजिंगच्या राजवाड्यापुढे पूर्वेला पूर्वजांचे मंदिर आणि पश्चिमेला भूमीची वेदी ही जोडी मात्र आजही आहे. या मध्यरेषेची लांबी ७.८ किलोमीटर असून २०२४ मध्ये तिची जागतिक वारसा यादीत नोंद झाली.

मध्यंतरी अनेक शतके गेली. अकराव्या शतकात शन ख्वो नावाचा एक विलक्षण माणूस होऊन गेला. खगोल कार्यालयाचा प्रमुख, मुत्सद्दी, नकाशे करणारा, चुंबकसुई खरी उत्तर दाखवत नाही हे नोंदवणारा. १०८८ च्या सुमारास त्याने 'मंग-शी पी-थान' हे टिपणांचे पुस्तक लिहिले. त्यात यू हाओ या सुताराच्या हरवलेल्या 'लाकूडकामाच्या ग्रंथा'तील काही भाग त्याने जपून ठेवला आहे. पायऱ्यांच्या चढाचे तीन प्रकार कसे ठरवावे, ते त्यात आहे. राजाची पालखी वर चढत असताना ती आडवी राहिली पाहिजे. पुढच्या भोयांचे हात पूर्ण खाली आणि मागच्यांचे पूर्ण वर ताणलेले, तर तो चढ सर्वांत उभा. पुढच्यांचे हात खाली पण मागच्यांचा दांडा खांद्याशी, तर मध्यम. पुढच्यांचा दांडा कोपराशी आणि मागच्यांचा खांद्याशी, तर सौम्य. कोन मोजायचा तो अंशांत नव्हे, भोयाच्या हातांत. त्रिकोणमिती शिकवणाऱ्यांनी या तीन चढांच्या आकृत्या फळ्यावर काढून पाहाव्यात.

यू हाओने खाइफंग शहरात बांधलेला लाकडी मनोरा ९८९ मध्ये पुरा झाला तेव्हा तो वायव्येकडे कललेला दिसला. लोकांनी विचारले, तर तो म्हणाला की इथे वारा वायव्येचाच असतो, शंभर वर्षांत तो मनोरा सरळ करील. ही परीक्षा झालीच नाही. १०४४ मध्ये मनोरा जळाला. त्याच्याबद्दल आणखी एक ऐकीव गोष्ट त्या काळच्या एका मान्यवर लेखकाने नोंदवली आहे. त्याची दहा-अकरा वर्षांची मुलगी झोपताना छातीवर हात एकमेकांत गुंफून लाकडाच्या जोडांची रचना करून पाही, आणि वर्षभराने तो ग्रंथ तयार झाला. ग्रंथ बापाचा की मुलीचा, हे त्या वाक्यातून दोन्ही तऱ्हांनी निघते.

शन ख्वोचे आणखी एक टिपण चित्रकलेवर आहे. ली छंग या नामवंत चित्रकाराने डोंगरावरच्या इमारती खालून पाहिल्यासारख्या काढल्या, त्यामुळे छपराखालचे वासे दिसतात. शन ख्वोला हे मान्य नव्हते. त्याचे म्हणणे असे की खालून पाहिले तर एकामागे एक असलेल्या डोंगरांपैकी एकच दिसेल, आणि घराच्या मागचे अंगण व गल्ली तर दिसणारच नाही. बागेतल्या कृत्रिम टेकडीकडे आपण जसे एका नजरेत पाहतो तसे मोठ्या दृश्याकडे पाहावे. एका जागी खिळलेल्या डोळ्याचे चित्र त्याला अपुरे वाटले. यंत्राच्या भागांच्या आकृत्या काढताना आजचे अभियंते दूरच्या रेषा आखूड करत नाहीत, त्यामागचे कारण फार वेगळे नाही. यथार्थदर्शन चिन्यांना जमले नाही, असे विधान कलेच्या काही पुस्तकांत आढळते. निदान शन ख्वोला तरी तो मार्ग माहीत होता आणि त्याने तो विचारपूर्वक नाकारला.

बागांविषयी थोडक्यात. 'लाल महालाचे स्वप्न' या अठराव्या शतकातील कादंबरीच्या सतराव्या प्रकरणात बाप आपल्या मुलाला नव्या बागेतून फिरवतो आणि प्रत्येक ठिकाणाला नाव सुचवायला लावतो. तोंडी परीक्षाच ती! दारातून शिरताच समोर टेकडी येते आणि पुढचे सारे झाकून टाकते. ती नसती तर एका नजरेत सगळे दिसून गेले असते, हे त्या बापाला लगेच उमगते. बागेत जागा निर्माण होते ती झाकण्याने. ची छंगच्या १६३१ च्या उद्यानरचनेवरील ग्रंथात याची दुसरी बाजू आहे: कुंपणापलीकडचा डोंगर किंवा मनोरा आपल्या दृश्यात उसना घेणे. सूचौच्या एका प्रसिद्ध बागेत दूरच्या मंदिराचा मनोरा तळ्याच्या टोकाला असा उसना घेतलेला दिसतो. हा ग्रंथ चीनमध्ये विस्मृतीत गेला, जपानमध्ये टिकला आणि १९३० नंतर परत आला.

आता त्या मुक्या ग्रंथाची कथा. सुंग राजवटीत सरकारी बांधकामांवर अफाट खर्च होई. लाकूड किती लागले, मजूर किती लागले, याचा हिशेब देणाऱ्याच्या मनावर. १०९१ मध्ये केलेली नियमावली निरुपयोगी ठरली, कारण तीत मापांचा पायाच नव्हता. १०९७ मध्ये ली च्ये या बांधकाम खात्यातील अधिकाऱ्यावर हे काम सोपवले गेले. त्याचा 'यिंग-त्साओ फा-श' हा ग्रंथ ११०० मध्ये पुरा झाला आणि ११०३ मध्ये छापला गेला. त्यात ३,५५५ कलमे आहेत. त्यांपैकी २८३ जुन्या ग्रंथांतून घेतलेली आणि ३,२७२ कारागिरांच्या चालत आलेल्या पद्धतींतून घेतलेली, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले. शंभरातली ब्याण्णव कलमे सुतार, गवंडी, रंगारी यांच्या तोंडची! मजुरीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे: उन्हाळ्यातला दिवस मोठा, हिवाळ्यातला लहान, म्हणून मधल्या ऋतूच्या मानाने दिवसाच्या कामाचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढवावे किंवा कमी करावे.

सगळ्या मापांचे मूळ म्हणजे एका प्रमाण लाकडाचा छेद. त्याच्या आठ प्रती: सर्वांत मोठी ९ त्सुन उंच व ६ त्सुन रुंद (सुमारे २८ बाय १९ सेंमी), सर्वांत लहान ४.५ बाय ३. उंचीचे पंधरा भाग, रुंदीचे दहा. इमारतीचा दर्जा ठरला की प्रत ठरते, आणि मग प्रत्येक तुकड्याचे माप या भागांत सांगता येते. तुळईसाठीही उंची-रुंदीचे प्रमाण ३:२ असेच.

हे प्रमाण कितपत चांगले आहे, ते भौतिकीच्या तासाला तपासता येते. आयताकृती तुळईची ताकद रुंदी गुणिले उंचीचा वर्ग या प्रमाणात असते. गोल ओंडक्यातून तासून काढलेली सर्वांत बळकट तुळई कोणती? ओंडक्याचा व्यास १ धरून कलनशास्त्राने उत्तर येते: उंची आणि रुंदी यांचे प्रमाण २ च्या वर्गमुळाएवढे, म्हणजे १.४१४, आणि गुणाकार ०.३८४९. आता ३:२ घेतले तर गुणाकार येतो ०.३८४०. चारशेत एक भागही कमी नाही. चौरस तुळई घेतली तर ०.३५३६, म्हणजे आठ टक्के कमी. कमीत कमी वाकणारी तुळई हवी तर प्रमाण ३ च्या वर्गमुळाएवढे, १.७३२, असावे लागते. सुताराचे दीड या दोन्हींच्या मध्ये पडते, आणि ते मापायला वर्गमूळ लागत नाही. हे कसे ठरले असेल? मोडलेल्या तुळया पाहून, असे आम्हाला वाटते.

पुढे राजवटी बदलल्या, बांधण्याच्या पद्धती बदलल्या, कारागिरांचे शब्द बदलले. ग्रंथ हस्तलिखितांतून उतरत राहिला, पण उतरवणारे पंडित होते, सुतार नव्हते. १९१९ मध्ये चू छी-छ्येन यांना नानजिंगच्या ग्रंथालयात त्याची एक प्रत मिळाली आणि १९२५ मध्ये देखणी छापील आवृत्ती निघाली. प्रसिद्ध विचारवंत ल्यांग छी-छाओ यांनी एक प्रत अमेरिकेत वास्तुकला शिकणाऱ्या आपल्या मुलाला, ल्यांग स-छंग याला, पाठवली. मुलाला त्यातले जवळजवळ काहीच कळले नाही. अक्षरे चिनी, वाक्ये चिनी, पण वस्तूंची नावे हरवलेली.

पुढे चू छी-छ्येन यांनी स्थापलेल्या संशोधन संस्थेत आल्यावर ल्यांग यांनी जो मार्ग धरला तो शिक्षकांनी ध्यानात घ्यावा असा आहे. त्यांनी तो ग्रंथ बाजूला ठेवला. आधी १७३४ ची छिंग काळातील नियमावली घेतली, कारण तिची भाषा जाणणारे जिवंत होते. बीजिंगच्या राजवाड्यात कामे केलेल्या वृद्ध सुतारांना त्यांनी गुरू केले आणि राजवाडा हाच पाठ म्हणून वाचला. १९३२ पासून पत्नी लीन ह्वेई-यिन आणि सहकाऱ्यांसह खेचरांवरून, पायी, जुनी देवळे शोधायला सुरुवात केली. त्याच वर्षी ९८४ मध्ये बांधलेला एक मंडप सापडला आणि ग्रंथातले एकेक नाव लाकडाला चिकटू लागले. लीन याही त्याच अमेरिकन विद्यापीठात शिकल्या होत्या, पण तिथे स्त्रियांना वास्तुकलेच्या शाखेत प्रवेश नसल्यामुळे त्यांनी ललितकलेची पदवी घेतली. विद्यापीठाने त्यांना वास्तुकलेची पदवी दिली ती २०२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर एकोणसत्तर वर्षांनी.

थांग काळातील लाकडी इमारत चीनमध्ये उरलेली नाही, ती पाहायची तर जपानला जावे, असे तेव्हा म्हटले जाई. तुनह्वांगच्या एका लेण्यातील भिंतीवर वूथाय पर्वताचे नकाशावजा चित्र आहे. त्यात फोक्वांग मंदिर दाखवलेले होते. जून १९३७ मध्ये ही मंडळी तिथे पोचली. छताच्या वरच्या अंधारात वटवाघळांचे थवे, ढेकूण आणि बोटभर धूळ. विजेरीच्या उजेडात मापे घेणे चालू असताना लीन यांना एका तुळईच्या खालच्या अंगाला शाईच्या पुसट खुणा दिसल्या. त्यांना लांबचे स्पष्ट दिसे. पराती बांधून, पाण्याने तुळई पुसून अक्षरे वाचली गेली. त्यात देणगी देणाऱ्या निंग कुंग-यू या बाईचे नाव होते. तेच नाव बाहेरच्या दगडी स्तंभावरही होते, वर्षासह: इ.स. ८५७. या मंडपातल्या प्रमाण लाकडाचा छेद ३० बाय २०.५ सेंमी भरतो, म्हणजे जवळपास ३:२. ली च्येचा ग्रंथ छापला जाण्याच्या दोनशे सेहेचाळीस वर्षे आधी.

त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, ७ जुलै १९३७ ला, बीजिंगजवळच्या पुलावर जपानशी युद्ध पेटले. डोंगरातल्या या मंडळींना ती बातमी उशिराच कळली. पुढची नऊ वर्षे निर्वासितासारखी गेली. सच्वान प्रांतातल्या लीच्वांग खेड्यात, लीन क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या असताना, ल्यांग यांनी ली च्येच्या ग्रंथाच्या आकृत्या नव्याने आखायला घेतल्या. लीन १९५५ मध्ये वारल्या, ल्यांग १९७२ मध्ये. ग्रंथावरील त्यांच्या टिपांचा पहिला खंड १९८३ मध्ये छापून निघाला, उरलेला भाग २००१ मध्ये. १९३२ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव या दांपत्याने 'त्सुंग-च्ये' ठेवले होते. त्याचा अर्थ, च्येच्या मागून जाणारा.